जुन्या स्टुडिओ फोटोंसारखी पोर्ट्रेट सिरीज करायचीय, लाइट आणि पडद्यासाठी मदत हवी

ओसरी:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आता करायचंच असं ठरवलंय. १९०० ते १९२० च्या आसपासचे मराठी घरांतले स्टुडिओ फोटो असतात ना, नऊवारी नेसलेली बाई खुर्चीत, शेजारी तिपाई, तिच्यावर फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा, त्या धर्तीवर आठ-दहा पोर्ट्रेट्स. मैत्रिणी, त्यांच्या आया, एकीच्या सासूबाईसुद्धा तयार आहेत, दागिने ज्यांचे त्यांचे. सोसायटीचा हॉल मिळतोय, लांबीला बराच आहे आणि उत्तरेला मोठी खिडकी. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ आणि ५० एमएम लेन्स, एक फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स एवढं सामान आहे.
टेस्ट म्हणून बहिणीचे काढले, लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सेपिया केला, ग्रेन म्हणजे दाणेदारपणा टाकला, कडा काळ्या केल्या, तरी ते हळदीच्या कार्यक्रमातल्या फोटोबूथसारखंच दिसतंय. नेमकं काय कमी पडतंय? आणि पडदा फ्लेक्सवर छापून घेतला तर चालेल का? शेवटी प्रिंट काढून भिंतीवर लावायचेत, नुसते इन्स्टावर टाकायचे नाहीयेत.

धूसर:
आधी सेपिया विसर. जुना फोटो जुना दिसतो तो पिवळेपणामुळे नाही, रंग वेगळे उमटल्यामुळे. तेव्हाच्या स्टुडिओतल्या काचेच्या प्लेट्स निळ्या उजेडाला भरपूर दाद द्यायच्या, ऑर्थोक्रोमॅटिक असतील तर हिरव्यालाही, पण लाल त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून त्या फोटोंत कुंकू काळंकुट्ट दिसतं, ओठ गडद येतात आणि चेहऱ्यावरचा बारीकसारीक डाग न डाग दिसतो. तू ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल आणि केशरी खाली ओढ, निळा वर घे, लगेच फरक कळेल. मात्र असं केलं की ब्लू चॅनलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या निळ्या उजेडावर, सगळा भार येतो आणि पिवळ्या बल्बखाली तो चॅनल उपाशीच असतो, नुसता नॉइज म्हणजे खरखरीत ठिपके येतात, म्हणून खिडकीचा उजेड नाहीतर फ्लॅश, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० च्या वर जाऊ नकोस.
याचा साडीवरही परिणाम होतो बरं का. लाल साडी काळी होईल, फिकी निळी पांढुरकी होईल, आणि सोनं पिवळं म्हणून तेही मंद पडतं. मोती उठून दिसतात. नथ मोत्यांची असेल तर नाकाशी जो पांढरा ठिपक्यांचा घोस चमकतो ना, त्या जुन्या फोटोंची अर्धी जादू तिथेच आहे. दागिने निवडताना हे बघ, नाहीतर सगळ्या मैत्रिणी ठसठशीत सोनं घालून येतील आणि फोटोत ते पितळेसारखं मळकट दिसेल.
दुसरं म्हणजे उजेड. स्टुडिओला काचेचं छप्पर किंवा वर मोठी तावदानं असायची, उजेड वरून तिरका यायचा. तुझ्या खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड चादरीने झाक, बाईला खिडकीपासून चार-पाच फुटांवर थोडी तिरकी बसव, अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट, बस्स. फ्लॅश पेटीतच राहू दे.
आणि ट्रायपॉडवर अर्धा सेकंद एक्सपोजर देऊन बघ. लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून खिडकीच्या उजेडात आयएसओ १०० ठेवलं की तसाही तिथपर्यंत जाशील. माणूस अर्धा सेकंद स्वतःला धरून बसतो तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते १/२०० सेकंदाला येत नाही. त्याआधीच्या पिढीत तर डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावायचे, काही फोटोंत पावलांच्या मागे त्याचा पाय डोकावतो.

चिंगूस:
+१. आणि पूर्ण उभा फोटो ८५ ने घेणार असशील तर बाई ते कॅमेरा सोळा-सतरा फूट आणि मागे पडद्यापर्यंत पाच-सहा फूट धर. हॉल मोजून घे आधी. नाही बसलं तर ५० लाव, कॅमेरा कमरेच्या उंचीवर.

पडदेवाला:
फ्लेक्स नको हो ताई!! चकाकतो, खिडकीचा उजेड पडला की पांढरा पट्टा येतो. मी हौशी नाटकांचे पडदे रंगवतो म्हणून सांगतो, मांजरपाट घ्या, नऊ फूट रुंदीचे पट्टे एकाखाली एक जोडून, शिवण आडवी. आधी पाण्यात भिजवून वाळवा म्हणजे आटायचा तेवढा आटेल, मग चौकटीवर ताणून खडू आणि सरस यांचं पातळ अस्तर द्या, त्यावर डिस्टेंपर. भिंतीचा साधा डिस्टेंपर चालतो, राखाडीच्या तीन छटा करा आणि मोठ्या स्पंजने थापा. मधे उजळ, कडांकडे गडद. झाड, खांब, कठडा काढायचा असेल तर अगदी धूसर काढा, रेघ स्पष्ट झाली की नजर बाईवरून पडद्यावर जाते. आणि पडदा घडी घालून ठेवू नका, पाइपला गुंडाळा, घडीची रेघ काही केल्या जात नाही. खाली सतरंजी टाका, टाइल्स दिसल्या की संपलं.

कैरीलोणचं:
कपड्यांबद्दल कोणी बोललंच नाही. ओसरी, शिवलेली रेडिमेड नऊवारी अजिबात नको, तिच्या निऱ्या एकसारख्या इस्त्री केल्यासारख्या पडतात आणि कासोटा मागे पिशवीसारखा फुगतो. नेसवायला कोणीतरी आजी शोध. साडी इरकली असेल तर फारच छान, नाहीतर साधं सुती लुगडं, चोळीला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, किंवा झालरीच्या बाह्यांचं पोलकं. पैठणी सगळ्यांना नेसवू नकोस गं, आठ पैठण्या म्हणजे लग्नाचा हॉल.
कपाळाला टिकली नाही, मेण लावून त्यावर कुंकू. चंद्रकोर सिनेमांमुळे घुसलीये सगळीकडे, घरातले जुने अल्बम उघडून बघ किती जणींना दिसते ते. भुवया कोरलेल्या असतील तर मात्र इलाज नाही, शूटच्या आधी महिनाभर पार्लर बंद 😄
वस्तू कशा असायच्या ते बघायला पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मार.

चिंगूस:
एवढं अस्सल करायचं तर मग जुनाच फोटो स्कॅन करून लावा की. फाइन आर्ट म्हणताय ना, त्यात आजचं काहीतरी दिसू दे. सासूबाईंचा चष्मा काढू नका, एखादीच्या हातात पुस्तकाऐवजी मोबाइल राहू दे.

कैरीलोणचं:
चष्मा हो. मोबाइल नको, तो विनोद लोकांनी करून करून चोथा केलाय.

ओसरी:
बापरे, केवढं मिळालं. फ्लेक्स रद्द, मांजरपाट बघते. चष्मा ठेवणार, त्या सासूबाई चष्म्याशिवाय तशाही कुणालाच ओळखत नाहीत. एक राहिलं, हसायचं की नाही? आणि दोन-तीन प्रिंट्सना हाताने रंग द्यायचाय जुन्यासारखा, तो इंकजेटवर बसतो का?

धूसर:
हसू नका असं सांगू नकोस, सांगितलं की हमखास फिसकन हसतात. अर्धा सेकंद स्थिर बसा एवढंच सांग, दात आपोआप झाकले जातात.
रंगासाठी मॅट कॉटन पेपर घे, हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ जीएसएम चांगला आहे पण महाग, आधी छोटे तुकडे छापून सराव कर. ओला रंग थेट नको, कोटिंग उखडतं. कोरडे पेस्टल ब्लेडने खरवडून त्याची पूड कानकाडीच्या कापसाने चोळायची, गालावर नुसती चाहूल, साडीच्या काठाला जरा जास्त. दागिन्यांचा पिवळा सगळ्यात शेवटी, टोकदार रंगीत पेन्सिलने. आणि प्रिंट मुद्दाम थोडी फिकी काढ, काळ्यावर पेस्टल दिसतच नाही.

पडदेवाला:
पडदा रंगवताना अडलं तर इथेच विचारा. डिस्टेंपर वाळल्यावर दोन छटा उजळतो, ओला बघून घाबरू नका.