वर्गातल्या मुलाच्या स्टेटसला कोयत्याचा फोटो, काय करू?

खडूफळा

नमस्कार. मी हडपसरच्या बाजूला एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, सोळा वर्षं झाली. परवा रात्री माझ्या वर्गातल्या एका मुलाचं व्हॉट्सअॅप स्टेटस बघितलं. मांडीवर कोयता ठेवलेला. नवाकोरा, मुठीवर दुकानाचा चिकटवलेला कागदही तसाच. खाली लिहिलंय, "टाइम आला की कळेल."

पोरगा पंधरा वर्षांचा. बीजगणित पटापट सोडवतो, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. पंधरा दिवसांपूर्वी पलीकडच्या वस्तीतल्या मुलांनी त्याच्या मावसभावाला चौकात धुतला. कारण काय, तर वडापावच्या गाडीवर उभा असताना "खुन्नस दिली".

शाळेत सांगितलं तर उत्तर मिळालं, "दाखला देऊन टाकू, आपल्याला नको भानगड." दाखला हातात दिला की हा दिवसभर त्याच चौकात बसणार, हे मला दिसतंय. पोलिसांत गेले तर पोराच्या नावाला डाग लागेल, नाही गेले तर कुणाच्या तरी आईचं पोर जाईल. दोन रात्री झोप नाही. असे खून कुठल्या शहरात खरोखर कमी झालेत का? आणि उद्या सकाळी मी नेमकं काय करू?

निवृत्त_खाकी

ताई, खात्यात 33 वर्षं काढली. लोकांना वाटतं, शहरातला खून म्हणजे सुपारी आणि टोळीयुद्ध. तसं नसतं. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, 2022 चे आकडे घ्या. देशात 28,522 खून नोंदले गेले, त्यातले 9,962 वादावादीतून. जुन्या वैरातून 3,761. लाभासाठी केलेले 1,884. म्हणजे पैशासाठी होतात त्याच्या पाचपट खून भांडणातून होतात. पंचनाम्याला गेलो की कारण ऐकून मन सुन्न व्हायचं. गाडीचा कट लागला, बहिणीकडे बघितलं, वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो नाही.

तडीपारी, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) ही सराईतांसाठी आहेत आणि लागतातच. पण तडीपार केलेला माणूस दोन वर्षं शेजारच्या जिल्ह्यात बसतो, फोन इथेच चालू असतो. पंधरा वर्षांच्या पोरासाठी तर ते नाहीच.

तुमच्यासाठी एवढंच. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, बाल न्याय कायद्यातच तशी तरतूद आहे. ड्युटी ऑफिसरसमोर उभं न राहता थेट त्यांना भेटा. गुन्हा घडायच्या आधी गेलात तर समज देणं, आईवडिलांना बोलावणं, समुपदेशन एवढ्यावर भागू शकतं. आणि तो स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. समोरच्या पोरांपर्यंत गेला तर ते आधी येतील.

नाइटड्युटी

मी एका मोठ्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे, अकरा वर्षं. बाई, तुमचा मजकूर वाचून हातातला चहा तसाच राहिला.

कोयत्याची पोरं येतात ना, त्यांच्या जखमा बहुतेक हातावर असतात. डोकं वाचवायला हात वर करतात, वार मनगटावर आणि बोटांवर बसतो. आतल्या शिरा-नसा तुटतात. जीव वाचतो, पण पुढे त्या मुठीत पेन धड धरता येत नाही. एक पोरगा टाके घालताना मला सारखं विचारत होता, "सिस्टर, गिअर टाकता येईल ना?" सतरा वर्षांचा होता.

पण मला सांगायचंय ते दाराबाहेरचं. आत एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा कागद भरत असतो, तेव्हा बाहेर पायऱ्यांवर आठ-दहा मित्र उभे असतात. कुणाच्या शर्टाला रक्त. फोन चालू. "कोण कोण होतं? आता कुठंय तो?" पुढच्या खुनाची बोलणी तिथे, माझ्या दारात चालतात. मी कानांनी ऐकलीत. चौकीतले हवालदार जबाब घेतात, ते त्यांचं काम. डॉक्टर टाके घालतात, ते त्यांचं. त्या पायऱ्यांवर जाऊन पोरांशी बोलणं कुणाच्याच कामात बसत नाही.

एकदा मी गेले. रात्रीचे अडीच वाजलेले. म्हटलं, "त्याला रक्त लागणार आहे, कोण कोण देणार?" चार जण लगेच पुढे आले. रक्तपेढीच्या रांगेत बसले, फॉर्म भरले, बिस्किटं खाल्ली. दोन तास तिथेच गेले. तोवर एकाचा मोठा भाऊ आला आणि सगळ्यांना घरी घेऊन गेला. त्या रात्री काही झालं नाही. दर वेळी जमतं असं नाही. एकदा तर आदल्या रात्रीच्या जखमीचा मित्रच दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवर आला, माझ्याच ड्युटीत.

म्हणून म्हणते, मार खाल्लेला तो मावसभाऊ कुठे आहे ते आधी बघा. त्याचा राग गेला तर तुमच्या पोराच्या हातातला कोयता आपोआप जड होईल.

क्लाइडकाठचा

सिस्टर, तुम्ही त्या पायऱ्यांवर जे केलंत ते काम इथे पगारी माणसं करतात. मी मूळचा साताऱ्याचा, 2011 पासून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. या शहराला एके काळी युरोपातली खुनांची राजधानी म्हणायचे. इथेही बंदुका नाहीत, सुरेच. आणि कारणंही तीच, त्या गल्लीतला या गल्लीत का आला.

2005 मध्ये इथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक काढलं. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन ही दोघं त्यामागे. त्यांनी हे साथीच्या रोगासारखं हाताळायचं ठरवलं. एकाला लागण झाली की पुढच्या चौघांना आधी गाठायचं. अमेरिकेतल्या बॉस्टनकडून ते बरंच शिकले, तिथे 1990 मध्ये 152 खून झाले होते, 1999 मध्ये 31. ग्लासगोत 2008 पासून टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावून बसवायचे. आधी पोलीस बजावायचे. मग सर्जन जखमांबद्दल बोलायचा. मग मुलगा गमावलेली आई. शेवटी एक फोन नंबर, ज्याला बाहेर पडायचंय त्याने फिरवायचा, शिक्षण आणि कामाची सोय ते बघणार. 2015 पासून इथल्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जखमीच्या खाटेशी बसणारी माणसं आहेत, काही जण स्वतः त्या वाटेने जाऊन परतलेले. सुरा बाळगण्याची शिक्षाही वाढवली, नुसतं गोड बोलून झालं नाही. 2004-05 मध्ये स्कॉटलंडमध्ये 130 च्या वर खून झाले होते, अलीकडे वर्षाला साठच्या आत असतात. वेळ लागला, पण कमी झाले.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. काल दुपारी बाप कामावर असताना घरी गेले. आईला आधी बाजूला घेऊन सांगितलं. तिने काही न बोलता माळ्यावरची गोधडी ओढली, त्यात गुंडाळलेला होता. पोरगा भिंतीला टेकून उभा. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, क्लासवरून यायला साडेआठ होतात. त्याच चौकातून यावं लागतं."

भाईगिरी वगैरे नाही हो, घाबरलंय पोर. स्टेटस तिथेच काढायला लावलं. क्लासवाल्या सरांना फोन करून बॅच सकाळची करून घेतली. मावसभावाला रविवारी भेटणार आहे, त्याचे मामा सोबत येतायत. दाखल्याचं मी शाळेत अडवून धरलंय.

काका, एक विचारायचंय. तो कोयता आता काय करू? मुलगा म्हणतोय, पिशवीत घालून मीच ठाण्यात देऊन येतो.

निवृत्त_खाकी

अजिबात नाही! रस्त्यात नाकाबंदीत सापडला तर कोण ऐकून घेणार, आर्म्स अॅक्ट लागायचा. आज घरातच राहू द्या, आईच्या ताब्यात. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना आधी फोन करून वेळ घ्या. तुम्ही आणि आई दोघी जा, मुलाला मध्ये बसवा. ठाण्याचं नाव मला मेसेजमध्ये कळवा, मीही येतो.