चार दिवसांत स्वयंसेवकांना काय शिकवावं? दोर, बोट की प्रथमोपचार?

नवा_समन्वयक
मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. आमचा पंचवीसेक जणांचा गट जमलाय, अठरापासून साठीपर्यंतचे सगळे आहेत, अनुभव कुणालाच नाही, पण आपत्ती आली तर बाहेरची टीम पोचेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही एवढं ठरलंय. सगळ्यांना जमतील असे दोन शनिवार-रविवार मिळाले, म्हणजे चार दिवस. तरुण मंडळींना दोरावरून उतरणं आणि बोट चालवणं शिकायचंय, ग्रुपवर दिवसभर तेच व्हिडिओ. मला वाटतं सुरुवात प्रथमोपचारापासून व्हावी पण मग अर्धे लोक बोअर होऊन येणारच नाहीत ही भीती. आणि दोन मावश्या आणि एक काका आहेत, गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा. त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. काय करू?

शिडीवाला
अग्निशमनात बरीच वर्षं काढलीत म्हणून स्पष्ट सांगतो, चार दिवसांत दोर आणि बोट नाही म्हणजे नाही. चार दिवस शिकलेला माणूस दोराला लटकला की वाचवायला गेलेल्या टीमला एकाऐवजी दोन जण काढावे लागतात.

१९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा साध्या लोकांनी हातांनी ढिगारे उपसून ८०० च्या आसपास माणसं बाहेर काढली, पण तसं करताना त्यांच्यातलेच शंभरावर गेले, स्वयंसेवकांच्या कोर्समध्ये हेच आकडे सांगतात. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने सामान्य नागरिकांना शिकवायला घेतलं, त्यातून ते सर्ट, म्हणजे शिकवलेल्या साध्या नागरिकांची आपत्ती-मदत पथकं, उभं राहिलं. तो बेसिक कोर्स साधारण वीस तासांचा असतो आणि त्यात बोट नाही हो! विझवायचं यंत्र कसं धरायचं, घरातला गॅस नि वीज कशी बंद करायची, जखमींची वर्गवारी, हलका शोध, असलंच साधं असतं.

पहिला धडा हा द्या की आत कधी जायचं नाही. भिंत कललीय, खांब तुटलाय, गॅसचा वास येतोय, तर बाहेर खूण करायची, आतून आवाज आला का ते लिहायचं आणि थांबायचं. हे ऐकायला सोपं वाटतं पण आतून कुणी हाक मारत असताना बाहेर उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून त्याचीही तालीम घ्या, एकाला आत बसवून ओरडायला लावा. पाण्याचंही तेच. वाहतं पाणी पंधरा सेंटीमीटर असलं तरी मोठा माणूस पाय घसरून पडू शकतो आणि साठ सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. म्हणून काठावरूनच काठी पुढे करा, नाहीतर दोर फेका. तरुणांना दोर हवाच असेल तर फेकायचा दोर द्या, पिशवीतला. पंधरा मीटरवरच्या बादलीत दहापैकी सात वेळा पडेपर्यंत फेकू दे, उतरायची हौस आपोआप कमी होईल.

रीलबहाद्दर
पण बोटीवर रील चांगली येते ना 😄

पट्टीताई
मी नर्स आहे, स्वयंसेवकांना शिकवते. प्रथमोपचार बोअर होतो कारण आपण खुर्च्या मांडून पीपीटी दाखवतो! एका तासात बोलणं संपवा, पुढे सगळं हाताने. माझी पद्धत अशी, दहा जणांना जखमी करते, लाल रंग, फाटके कपडे, एकाला सांगते की तू नुसता किंचाळ, दुसऱ्याला सांगते की तू गप्प पड, श्वास मिनिटाला चाळीसच्या वेगाने घे. मग टीम आत सोडते. प्रत्येक बॅचला सगळे धावतात त्या किंचाळणाऱ्याकडे, गप्प पडलेल्याकडे कुणी बघत नाही, आणि खेळ संपल्यावर तोच लाल पट्टीचा, म्हणजे सगळ्यांत आधी मदत लागणारा, निघतो. एकदा हे झालं की पुन्हा शिकवावं लागत नाही.

वर्गवारीसाठी स्टार्ट पद्धत पुरेशी आहे. चालता येणाऱ्यांना आधी एका बाजूला बोलवा, ते हिरवे. बाकीच्यांत श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. तिन्ही ठीक असतील तर पिवळा. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून बघायचा, तरी नसेल तर काळा. एका माणसाला मिनिटभराच्या आत, उपचार करत बसायचं नाही, फार तर वाहतं रक्त थांबवायचं. काळी पट्टी बांधताना लोकांचे हात थरथरतात. त्याबद्दल आधीच बोलून ठेवा.

आणखी एक, ढिगाऱ्याखाली बराच वेळ पाय दाबला गेला असेल तर घाईने मोकळा करू नका, दाब सुटल्यावर तिथलं खराब रक्त अंगात फिरून हृदय बंद पडू शकतं. वैद्यकीय टीम येण्यासारखी असेल तर थांबा.

कपाटाची_चावी
आमचा गट असाच जोरात सुरू झाला होता. तीस जण, टी-शर्ट, फोटो, सगळं. वर्षभराने खरंच रात्री प्रसंग आला तेव्हा सात जण पोचले, स्ट्रेचर कपाटात, आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. आम्ही शेवटी दरवाजाच उखडून त्यावरून माणूस नेला (ते बरं जमलं खरं तर). तेव्हापासून चावी तीन घरांत.

सांगायचं ते एवढंच की चार दिवस एकदम उडवू नका. सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचा, सराव नसला तर तीन ते सहा महिन्यांत हात विसरतो, मिनिटाला १०० ते १२० दाब हे तोंडपाठ असतं पण छातीवर हात ठेवला की वेग चुकतो. दोन दिवस आत्ता घ्या, बाकीचे तासातासाने वर्षभर वाटा, आणि त्यातली एक तालीम रात्री, लाईट बंद करून, मोबाईल बंद धरून. कोण पोचतं ते तिथे कळतं.

नवा_समन्वयक
अरे बापरे, चावी आमच्याकडेही एकाकडेच आहे, म्हणजे माझ्याकडे 🙈 किंचाळणारा प्रयोग नक्की करणार. पण मावश्या आणि काकांचं काय?

शिडीवाला
ते राहिलंच. काकांना वही द्या. कोण कुठल्या गल्लीत गेलं, किती वाजता, परत आलं का, हे लिहिणारा माणूस नसतो म्हणून गोंधळ होतो आणि आलेल्या टीमला सांगायला काही नसतं. दोघा-दोघांच्या जोड्या करा, एकटा कुणी नाही, आणि जोडी निघताना काकांना सांगूनच निघणार.

पट्टीताई
आणि मावश्या हिरव्यांकडे. तिथे चालती-बोलती माणसं असतात पण घाबरलेली, आपल्या माणसाला शोधायला परत आत धावतात. त्यांच्याजवळ बसून ऐकणं, नावं लिहिणं, घरच्यांशी गाठ घालून देणं हे काम तरुणांकडून होत नाही, माझा अनुभव. फक्त मावश्यांना सांगा, 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही आणि काय काय झालं ते खोदून विचारायचं नाही. एवढं सोपं सांगितलं तरी पहिल्या तालमीत दोघी तेच करतील बघा.

नवा_समन्वयक
करतीलच 😀 काकांना आत्ताच फोन केला, वही कुठली घेऊ, रेघांची की कोरी, असं विचारतायत.