सणासुदीच्या उपद्व्यापांना विम्याचे कवच असावे का?

विश्रामबागकर, सांगली (प्रस्ताव)

राज्य शासनाने 2025 च्या दहीहंडीसाठी दीड लाख गोविंदांचा अपघात विमा उतरवला. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने त्याच वर्षी आपल्या गणेशोत्सवासाठी 474.46 कोटी रुपयांचे विमा कवच घेतले. त्याआधी 2024 च्या दिवाळीत फोनपेवर 9 रुपयांत फटाक्यांच्या अपघातासाठी 10 दिवसांचा, 25 हजार रुपयांपर्यंतचा विमा मिळत होता. थरावर चढणाऱ्यांची, सोन्याने मढलेल्या बाप्पांची आणि फटाके उडवणाऱ्यांची अशी सोय झाली. राहिला तो सांगलीतला साधा संसारी माणूस, ज्याच्या घरी गणेश चतुर्थीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत रोज काही ना काही सांडते, जळते, फुटते किंवा घसरते.

माझा प्रस्ताव असा की, या काळापुरती एकच घरगुती पॉलिसी निघावी आणि तिच्यात करपलेला चिवडा, तेलात हसलेले अनारसे, उटण्याच्या फरशीवरून घसरलेले वडीलधारे, माळ्यावरची सजावटीची खोकी काढताना शिडीसकट खाली आलेले जावई आणि दोन दिवसांसाठी म्हणून येऊन पांडवपंचमीपर्यंत राहिलेले पाहुणे या सर्वांचा समावेश व्हावा. शेवटच्या कलमासाठी हप्ता जास्त आकारला तरी माझी हरकत नाही.

निवृत्त विमा सर्व्हेअर, मिरज (विरोध)

प्रस्ताव वाचून करमणूक झाली, तरी विरोध नोंदवतो. विमा अनिश्चित गोष्टीचा उतरवतात. ज्या घरात अनारसे दरवर्षी न चुकता हसतात, त्या घरात तो अपघात नसून कुळाचार आहे, आणि कुळाचाराला कोणतीही कंपनी भरपाई देत नाही. चिवड्याचे म्हणाल, तर अग्निविम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत तापवण्याच्या किंवा वाळवण्याच्या प्रक्रियेत असलेल्या वस्तूचे त्या प्रक्रियेमुळेच झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले असे. पोहे आपण स्वतः कढईत घातले होते. मात्र त्याच कढईतल्या तेलाने पेट घेऊन खिडकीचा पडदा आणि शेजारचे फडताळ जळाले, तर ती विम्याच्या भाषेतली आग असून तिचा क्लेम करता येतो.

आग आपल्या जागी असताना झालेले नुकसान अपघाती धरायचे की नाही, यावर इंग्लंडमध्ये 1941 साली हॅरिस विरुद्ध पोलंड हा खटला गाजला. एका बाईंनी चोरांच्या धास्तीने दागिने घरातल्या शेगडीत कोळशाखाली दडवले, पुढे ते विसरून तीच शेगडी पेटवली, आणि विमा देणाऱ्यांनी अशी भूमिका घेतली की आग जिथे असायला हवी तिथेच होती, तेव्हा देणे लागत नाही. न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला, कारण दागिने काही तिथे जळण्यासाठी ठेवलेले नव्हते. (लक्ष्मीपूजनानंतर पाटल्या तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना हा निकाल मी आजवर कळू दिलेला नाही.)

घराला लागणारे कवच बाजारात आधीपासून आहे. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात आग, स्फोट, पूर, वादळ यांचा समावेश आहे. घराच्या विम्यासोबत सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते आणि दागिन्यांसाठी वेगळे ऐच्छिक कवच घेता येते. चोरी मात्र आग किंवा पुरासारख्या घटनेनंतरच्या 7 दिवसांतली असेल तरच धरली जाते. दिवाळीच्या सुट्टीत कुलूप लावून कोकणात गेल्यावर होणाऱ्या घरफोडीसाठी निराळा विमा लागतो, हे बहुतेकांना परत आल्यावर समजते.

विश्रामबागकर

सर्व्हेअर साहेब, आपल्या प्रतिसादाने माझी बाजू भक्कम झाली. पडदा जळाला तर पैसे मिळतात आणि पोहे जळाले तर मिळत नाहीत, एवढे कळण्यासाठी सामान्य माणसाला 1941 सालच्या विलायतेपर्यंत जावे लागत असेल, तर सणापुरती, दोन पानांची, मराठीत लिहिलेली पॉलिसी मागणे अवाजवी कसे? शिवाय शेजारच्या गच्चीवरून सुटलेले रॉकेट माझ्या गॅलरीत हवेला टाकलेल्या पैठणीवर उतरले, तर ते कोणत्या कलमात बसते, याचाही खुलासा व्हावा.

हळदवाले, मार्केट यार्ड (विरोध)

माझाही विरोध आहे, परंतु कारण वेगळे आहे. अशी पॉलिसी निघाली की रॉकेट बाटलीत उभे करण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. ते असो. सणातला खरा धोका अनारशांना नसून दुकानांना आहे, आणि त्यासाठी नवी पॉलिसी नको, जुनीच वेळेवर वाढवून घेतली पाहिजे.

समजा, एखाद्या कापड दुकानात श्रावणात 20 लाखांचा माल होता आणि विमाही तेवढ्याच रकमेचा उतरवला. दिवाळीच्या तोंडावर माल 40 लाखांवर गेला, गठ्ठे जिन्यापर्यंत आले, रोषणाईच्या माळांसाठी एकाच प्लगवर तीन जोड पडले, आणि शॉर्ट सर्किटने 10 लाखांचा माल जळाला. मालक निर्धास्त असतो, कारण नुकसान 10 लाखांचे आणि विमा 20 लाखांचा. प्रत्यक्षात मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा असल्यामुळे भरपाईही निम्मी, म्हणजे 5 लाख, एवढीच होते. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या छोट्या व्यवसायांच्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. इथे ती 50 टक्के आहे. विमा रक्कम वाढवण्यासाठी एजंटला एक फोन पुरला असता, पण त्या आठवड्यात मालक ग्राहकांना बॉक्स पॅक करून देण्यात गुंतलेला असतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. गणपती तोंडावर होते. त्या वेळी ओला माल उपसत असताना या निम्म्याच्या हिशेबाची ओळख करून घेणारे व्यापारी मी पाहिले आहेत. पाहुण्यांच्या मुक्कामाचा विमा मागणाऱ्यांनी आधी आपल्या पॉलिसीवरचा आकडा तपासावा, ही विनंती.

कमानीखालचा कार्यकर्ता, मिरज (पाठिंबा)

घर आणि दुकान यांच्यापुढे चर्चा सरकत नाही, म्हणून लिहितो. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतील स्वागत कमानी आपण सर्वांनी कौतुकाने पाहिल्या असतील. त्या उभ्या कशा राहतात, हे पाहिले आहे का? रात्री उशिरा, पावसाची भुरभुर चालू असताना, एक पोरगा बांबूच्या जोडावर एका पायाची आढी घालून बसलेला असतो, दोरीचे टोक त्याच्या दातांत असते, आणि खालून तिघे जण त्याला तीन वेगवेगळ्या सूचना करत असतात. त्याला पगार नाही. तो मंडळाचा नोकर नसल्यामुळे कामगार भरपाईत येत नाही. मंडळाने सार्वजनिक दायित्वाचा विमा घेतला असलाच, तर तो कमान ज्याच्या अंगावर पडेल त्या त्रयस्थासाठी असतो, कमानीवरून जो पडेल त्याच्यासाठी नसतो.

प्रस्तावात जीएसबी मंडळाचा उल्लेख आला आहे. त्या 474 कोटींचा आकडा ऐकून सर्वांना सोन्याचे दागिने आठवतात. प्रत्यक्षात त्यातील 375 कोटी रुपये स्वयंसेवक, पुजारी, आचारी वगैरे माणसांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे होते आणि दागिन्यांचा वाटा 67 कोटींच्या आसपास होता. आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे सोने नाही, परंतु माणसे आहेत. वर्गणीच्या पावतीपुस्तकात डीजेसाठी जागा निघते, तशी या हप्त्यासाठीही निघावी, एवढ्यापुरता माझा या प्रस्तावाला पाठिंबा आहे. अनारशांविषयी मी तटस्थ आहे.

परिचारिका, मिरज

दादा, तुमच्याशी सहमत आहे. दिवाळीच्या रात्री आमच्याकडे येणाऱ्या मुलांची हकिगत बहुधा एकच असते: सुतळी बॉम्ब पेटला नाही, म्हणून तो वाकून पाहायला गेला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी किंवा दोन्ही डोळे गेल्यास 2 लाख आणि एक डोळा गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. परंतु ती 18 ते 70 वयोगटासाठी आहे, आणि वाकून पाहणारा दहा वर्षांचा असतो. शिवाय तिच्यात उपचाराचा खर्च मिळत नाही. फटाक्यांच्या ज्या 9 रुपयांच्या विम्याचा प्रस्तावात उल्लेख आला, त्यात पती-पत्नीबरोबर दोन मुलेही येत होती. आरोग्य विमा नव्याने घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, आजारपणासाठी असलेली पहिल्या 30 दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू होत नाही. आणि भाजल्यावर टूथपेस्ट लावून आणू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा.

शिराळकर

नागपंचमीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शिराळा गावातर्फे माहिती देतो. वरील 20 रुपयांच्या योजनेत सर्पदंशाने झालेला मृत्यू अपघाती धरला जातो आणि त्यासाठी पोलिसांत नोंद नसली तरी चालते, मात्र रुग्णालयाची तातडीची नोंद लागते. तेव्हा आधी मांत्रिकाकडे नेणाऱ्यांचा जीवही धोक्यात येतो आणि क्लेमही.

निवृत्त सर्व्हेअर, मिरज

कमानीवरच्या मुलांच्या बाबतीत माझा विरोध मागे घेतो. अनारसे आणि पाहुणे यांच्या बाबतीत कायम ठेवतो. पाहुणे राहिल्याने होणारे नुकसान मोजण्यासाठी कोणता सर्व्हेअर पाठवणार? तो जेवूनच परतेल.

रॉकेटविषयी विचारणा झाली होती. पैठणी जळाली तर ती आगच असून, सामानाचा विमा असल्यास भरपाई मागता येते. परंतु पुढची पायरी कोणी लक्षात घेत नाही. कंपनीने आपल्याला पैसे दिले की, ज्याच्या चुकीमुळे नुकसान झाले त्याच्याकडून ते वसूल करण्याचा आपला अधिकार कंपनीकडे जातो. म्हणजे आपण भाऊबीजेचा फराळ ज्यांच्याकडे पाठवला, त्यांनाच आपल्या वतीने नोटीस जाऊ शकते, आणि त्या वसुलीला बाधा येईल अशी परस्पर तडजोड आपल्याला करता येत नाही.

विश्रामबागकरांच्या शेजारच्या इमारतीतील एक रहिवासी

चर्चा अत्यंत उद्बोधक आहे. केवळ नोंद व्हावी म्हणून लिहितो की, सदर रॉकेट आमच्याच गच्चीवरून सुटले असे कोणी गृहीत धरू नये. त्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब कोल्हापूरला होतो आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते.