शिक्षा भोगून झालेल्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळू शकतो का?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एक शेतकरी

माझे थोरले बंधू गावच्या सोसायटीत सचिव होते. खोट्या नोंदी केल्याबद्दल त्यांना एक वर्षाची कैद झाली आणि ती भोगून ते २०१६ साली घरी परतले. त्यांनी कोणावर हात उगारल्याची तक्रार आजवर नाही. भीमगडच्या रानापासून आमचे भाताचे शेत जवळच आहे आणि सुगीच्या तोंडावर रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवून जातात. वडिलांकडे ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. ते वारल्यावर आम्ही बंदूक जमा केली. आता दादा परवान्याची चौकशी करायला गेले, तेव्हा शिक्षा झालेल्याला जन्मभर बंदूक मिळत नाही, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले. कायदा खरोखर असा आहे का? अमेरिकेत अशा लोकांना हा हक्क परत देण्यावरून वाद चालू असल्याचे वाचले, म्हणून विचारतो.

उत्तर : बेळगावातील एक वकील

अशी जन्मभराची बंदी आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ नुसार हिंसा किंवा नैतिक अधःपतन असलेल्या गुन्ह्यासाठी कैदेची शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. खोट्या नोंदी नैतिक अधःपतनात मोडतात असे धरले, तरी आपल्या बंधूंची मुदत २०२१ मध्येच संपली. मात्र मुदत संपली म्हणजे परवाना हक्काने मिळतो, असेही नाही. पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि अर्जदार अयोग्य वाटल्यास कलम १४ खाली अर्ज नाकारता येतो. पण नाकारण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. म्हणूनच तोंडी उत्तर घेऊन घरी परतणे, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ठरते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि जुनी शिक्षा मुळीच लपवू नका, कारण माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होऊ शकतो.

अमेरिकेतील स्थिती उलट आहे. तेथे १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, प्रत्यक्ष शिक्षा कितीही कमी झाली असली तरी, मुदतीविना बंदी लागू होते. दिलासा मागण्याची तरतूद कायद्यात होती. पण १९९२ पासून संसदेने त्या कामाला पैसाच न दिल्याने ती कागदावर राहिली, आणि २०२५ मध्ये न्याय खात्याने तो मार्ग पुन्हा उघडण्यास सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थांनी १९९५ मध्ये सरकारी अन्नसाहाय्यासाठी उत्पन्न खोटे सांगितले होते. त्यांच्यावरील बंदी तेथील अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि, सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी पाठवल्यावर, २०२४ मध्ये पुन्हा घटनाबाह्य ठरवली. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे ती परवानगी आहे. आणि तरीही शिक्षा भोगलेल्या माणसाला आपला १९५९ चा कायदा अधिक न्यायाने वागवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : नंदगडच्या एक शिक्षिका

वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटते, पण पाच वर्षे हा एकच निकष पुरेसा मानू नये. ज्याला कधी शिक्षा झाली नाही, पण जो रोज दारू पिऊन घरात मारहाण करतो, त्याच्याकडे परवाना असण्याची मला जास्त भीती वाटते. चौकशी आजच्या वागण्याची व्हावी, शेजाऱ्यांना आणि घरातल्या बायकांना विचारून व्हावी. आपले दादा त्या चौकशीत उतरत असतील, तर सोसायटीच्या जुन्या नोंदींसाठी त्यांना आता अडवणे अन्यायाचे आहे.

उत्तर : जांबोटी भागातील एक निवृत्त कर्मचारी

आपल्या बाबतीत खरी अडचण शिक्षेपेक्षा अभयारण्याची ठरेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि भीमगड हे घोषित अभयारण्य आहे. त्यामुळे शेताचे अंतर आधी नकाशावर तपासा. शिवाय परवाना मिळाला, तरी त्याने डुक्कर किंवा गवा मारण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. अर्जासोबत निकालाची प्रमाणित प्रत आणि तुरुंगातून सुटल्याचा दाखला जोडा, आणि पोलिसांचा अहवाल कन्नडमध्ये असेल, तर जाणत्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय दादांना कोठेही सही करू देऊ नका.