मध चमच्याने नको, वजनाने मोजा

'मध नैसर्गिक आहे, साखरेसारखा मोजत बसायची गरज नाही' असं अनेकदा ऐकायला मिळतं, पण ते मला पटत नाही. चवीसाठी मध जरूर वापरा, पण हिशोबात तो साखरच. जागतिक आरोग्य संघटनाही मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर 'मुक्त साखर' म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या गटातच धरते, आणि ही साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. खरा घोळ चमच्यात होतो. चहाचा सपाट चमचा साखर साधारण ४ ग्रॅम भरते, तोच चमचा मध ७ ग्रॅम, आणि त्यात साखर जवळपास ६ ग्रॅम. त्यामुळे चमच्याला चमचा बदललात तर साखर वाढतेच. कप वजनकाट्यावर ठेवून त्यातच मध ओता, म्हणजे चमच्याला चिकटून राहणाऱ्या मधाचाही प्रश्न येत नाही.

साखरेऐवजी मध घातला तर केक आतून ओला आणि वरून करपलेला निघू शकतो. मधात १७-१८ टक्के पाणी असतं आणि त्यातलं फ्रुक्टोज लवकर तपकिरी होतं. १ कप साखरेऐवजी पाऊण कप मध घ्या, बाकीचं दूध-पाणी ३-४ मोठे चमचे कमी करा, आम्लता मारायला पाव चमचा खायचा सोडा घाला आणि ओव्हन १५ अंशांनी उतरवा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र असा केकही नको. मधात बोटुलिझमचे (बाळांना होणाऱ्या एका गंभीर विषबाधेचे) बीजाणू असू शकतात आणि ते ओव्हनमध्येही मरत नाहीत.