'पास्टोरल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : प्राचीन ग्रीक कवी थिओक्रिटस याच्या कवितांवर लेख लिहितोय. 'पास्टोरल पोएट्री'साठी 'जानपद गीत' चालेल का?

— 'जानपद' नको. तो शब्द रविकिरण मंडळाच्या काळात रुळला आणि त्यात शेत, मोट, सुगी असं अख्खं गाव येतं. या कवितेचा ग्रीक शब्द 'बुकोलिक' गावावरून नाही, धंद्यावरून आलाय. 'बुकोलोस' म्हणजे गाई राखणारा. त्यातला 'बूस' आणि आपला 'गो' एकाच मुळाचे. 'पास्टोरल' हे नंतरचं लॅटिन लेणं. 'पास्टर' म्हणजे मेंढपाळ.

— मग सरळ 'गोपकाव्य' म्हणा की!

— अर्थाला चोख बसतं, पण मराठी कानाला गोप म्हटलं की पेंद्या, काला आणि गवळणीच आठवणार. इथे पाचव्या कवितेत शेळ्या राखणारा कोमातास आणि मेंढ्या राखणारा लाकोन 'तू माझं कातडं चोरलंस', 'तू माझा पावा पळवलास' इथून सुरू होतात आणि पुढची शिवीगाळ छापायची सोय नाही. भक्तिरसाचं नाव नको.

— देवाधर्माचा संबंधच नाही असंही नाही. प्राचीन टीकाकार या गाण्यांचा उगम आर्टेमिस देवीच्या सणात सांगतात. सिसिलीतल्या सिराक्यूजची हकिगत तर झकास आहे : खेडूत डोक्याला हरणाची शिंगं लावून यायचे, सोबत जनावरांचे आकार उठवलेली रोटी, बियाण्यांनी भरलेली झोळी, बकऱ्याच्या कातड्यात दारू. गाण्यात जिंकेल तो हरलेल्याची रोटी घ्यायचा. हरलेले आसपासच्या गावांत शिधा मागत फिरायचे.

— हकिगत छान, पण ती टीकाकारांनी मागाहून जुळवलेली वाटते. थिओक्रिटस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, मूळचा सिराक्यूजचा, पण अलेक्झांड्रियात इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याची स्तुती गाणारा पढीक कवी. वृत्त होमरच्या वीरकाव्याचं, बोली ग्रीकची डोरिक, आणि त्यात बोलणार शेळ्यामेंढ्या राखणारे! गंमत त्या बेमेळातच आहे. लोकगीतं राखोळ्यांची असतील. ही कविता त्यांची नव्हे.

मुद्द्याचं म्हणजे, पहिल्या कवितेत थिर्सिस मेंढपाळ, ऐकणारा शेळ्या राखणारा. मुख्य पात्रांत गाई राखणारा एकटा डाफ्निस, आणि तो गाण्यात मरतो. तरी ध्रुपद म्हणतं 'बुकोलिक गाणं सुरू करा'. ग्रीकांनीच शब्द सैल केलाय, तर आपण 'गुराखी-गीत' म्हणायला काय हरकत? त्याच कवितेतला गाण्याच्या बदल्यात मिळणारा लाकडी प्याला जरूर वाचा : त्यावर द्राक्षमळ्याची राखण करणारा पोरगा कोरलाय. तो टोळासाठी पिंजरा विणण्यात गुंग, एक कोल्हा द्राक्षांवर ताव मारतोय आणि दुसऱ्याचा डोळा पोराच्या शिदोरीवर.

— 'गुराखी-गीत' पटलं. फक्त थिओक्रिटसच्या नावावरच्या सगळ्या तीसेक 'आयडिलां'ना ते चिकटवू नका. 'आयडिल' म्हणजे नुसती छोटी रचना. पंधराव्या कवितेत अलेक्झांड्रियातल्या दोन बायका नवऱ्यांच्या चुगल्या करत, गर्दीतून वाट काढत अडोनिसचा उत्सव बघायला निघतात. तिथे गुराखी औषधालाही नाही.