मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा संबंध कसा उलगडला?

प्रश्न: मायक्रोआरएनए हा जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारा आरएनएचा छोटा रेणू जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा) असतो आणि त्यापासून प्रथिनही बनत नाही, मग त्याचे नाव कर्करोगाशी कसे जोडले गेले?

उत्तर: दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्यात प्रथिन बनवणारे दोषी जनुक शोधूनही हाती लागेना. अखेर २००२ मध्ये कर्करोग संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की तिथे मिआर-१५ आणि मिआर-१६ हे मायक्रोआरएनए आहेत. हे दोन्ही पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनाची निर्मिती रोखतात, त्यामुळे ते नाहीसे झाले की मरायला हवी ती पेशी जगत राहते.

दुसरे उत्तर: मात्र सगळेच मायक्रोआरएनए रक्षक नसतात, मिआर-२१ अनेक गाठींत वाढलेला आढळतो आणि त्यांच्या वाढीला हातभार लावतो.

प्रश्नकर्ता: मग हरवलेला रेणू बाहेरून देता येत नाही का?

उत्तर: मिआर-३४ या गाठी रोखणाऱ्या मायक्रोआरएनएची कृत्रिम प्रत रुग्णांना देऊन पाहिली, पण प्रतिकारयंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली.